डाव्या पिळाची फुलदाणी

रविवार, २१ फेब्रुवारी १९५४

ही वही इंग्रजीत लिहिणार होतो. कस्टम हाऊसमध्ये तीस वर्षं इंग्रजीतच नोंदी केल्या. पण राग आला की मला मराठीच सुचतं, आणि आज राग आलेला आहे.

चर्चमध्ये मिसा सुटल्यावर लिओनार्डने पुन्हा तोच विषय काढला. आमच्या आंबोली गावठाणात गल्लीच्या तोंडाशी क्रूस आहे, त्याच्या दोन हिरव्या काचेच्या फुलदाण्या. दर वर्षी तीन मेला क्रुसाचा सण असतो. संध्याकाळी सगळी गल्ली क्रुसापुढे उभी राहून लादीन ही प्रार्थना म्हणते, मग उकडलेले चणे वाटतात. फुलं या दोन फुलदाण्यांतच ठेवायची, हा रिवाज. ज्या घराची पाळी, त्या घरात त्या वर्षी त्या राहतात. यंदा पाळी आमची आहे.

लिओनार्ड म्हणतो, माल इटलीचा. मी म्हणतो, बेल्जियमचा. माझे वडील सांगायचे की कोणा जुन्या पाद्रीबाबाने त्या आणल्या. क्रुसाची वस्तू दुसरीकडून येणार कुठून? तर हा शेजारी चारचौघांत मला म्हणतो, "कस्टममधला ना तू? मग कंपनीचं नाव सांग बघू." सगळे हसले. पर्पेच्युआ, माझी बायको, तीसुद्धा हसली.

नाव शोधून काढीन आणि तीन मेला सगळ्यांपुढे सांगीन.

नोंद: उंची वीतभर आणि चार बोटं. काच समुद्राच्या पाण्यासारखी हिरवी, आत बारीक बुडबुडे. तोंड झालरीसारखं चुण्याचुण्यांचं. बुडाशी खरबरीत वण, तिथून काहीतरी मोडून काढल्यासारखा. अंगावर बुडापासून मानेपर्यंत पीळ. एकीचा पीळ डावीकडे चढतो, दुसरीचा उजवीकडे. हा कारखान्याचा निष्काळजीपणा असावा.

जया कोळीण दारात आली तेव्हा फुलदाण्या टेबलावरच होत्या. ही बाई रोज वर्सोव्याहून मासळी घेऊन येते. पाटी आधी क्रुसापाशी उतरवते, एक फूल ठेवते, मग गल्लीत शिरते. हिंदू आहे, पण नेम चुकवत नाही. दारातूनच म्हणाली, "बाबा, संबालून हां." मला ती तू म्हणते. सगळ्यांनाच म्हणते.

बुधवार, २४ फेब्रुवारी

फुटली.

ओट्यावर उजेड चांगला होता म्हणून भिंग घेऊन बसलो होतो. शिक्का कधीकधी काचेच्या जाडीत पुसट दिसतो, म्हणून बूड ओल्या फडक्याने पुसत होतो आणि ती हातातून निसटली. डाव्या पिळाची. जिथे पडली तिथेच पायरीचा दगड होता.

पर्पेच्युआ आतून आली. तुकड्यांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "शिक्का मिळाला काय?" एवढंच विचारलंन.

आता नाव कळणं ही हौस राहिली नाही. नाव कळलं तर तशीच दुसरी मागवता येईल. अडुसष्ट दिवस आहेत. तुकडे पोत्यात घालून पलंगाखाली ठेवले आहेत. गल्लीला कळलं की कस्टमवाल्या ॲम्ब्रोजने शिक्का शोधता शोधता क्रुसाची फुलदाणी फोडली, तर लिओनार्ड मला मरेपर्यंत सोडणार नाही, आणि मेल्यावर माझ्या शवपेटीला खांदा देतानाही हसेल.

गुरुवार, २५ फेब्रुवारी

लिओनार्ड पेपर मागायला आला आणि थेट टेबलाकडे बघून म्हणाला, "दुसरी कुठं हाय रे?"

मी म्हणालो, "फुटली. काल सकाळी कोळीण ओट्यावर बसली होती."

यात एक अक्षर खोटं नाही. जया काल सकाळी ओट्यावर बसली होतीच. मांदेली देऊन, पाणी पिऊन गेली, त्यानंतर तासाभराने फुटली. पुढचं सगळं लिओनार्डने स्वतःच्या डोक्याने जोडलं. मी जोडू दिलं, हे मात्र खरं.

शुक्रवार, २६ फेब्रुवारी

आज सकाळी क्रुसापाशीच तिला अडवलं. लिओनार्ड पुढे, मागे दहा-बारा जण. फोडलीस ती फोडलीस, निदान सांगायचंस तरी, असं चाललं होतं. जयाने पाटी खाली ठेवली नि कमरेवर हात दिले.

"मी फोरीन? माज्या बापसानी फुकलंय ते! कुर्ल्याच्या भट्टीवर! मी कशाला फोरीन?"

लोक हसले. कोळ्याची जात, आणि काचेच्या भट्टीवर! मलाही हसू आलं. संकटात माणूस काहीही बोलतो. मग तिने मला गर्दीत शोधलं.

"बाबा, तू बोल ना. तुज्या ओट्यावरची गोष्ट हाय."

मी म्हणालो, "मी आत होतो. मला काय ठाऊक?"

हे खोटं होतं. लिओनार्डने तिला सांगितलं की आता या गल्लीत यायचं नाही. ती पाटी उचलून गेली. जाताना क्रुसाला फूल ठेवायला विसरली नाही, म्हणून लिओनार्ड म्हणाला, बघ, नाटकी बाई.

रात्री जेवण गेलं नाही. पण एकदा नवी फुलदाणी आली की सगळं आपोआप मिटेल. आजच अंधेरीच्या स्टुडिओत उरलेल्या फुलदाणीचा फोटो काढला. उद्या बेल्जियमच्या काचेच्या कारखान्याला विमानाने पत्र जाईल. पत्ता ऑफिसच्या जुन्या मित्राकडून मिळवला आहे.

शुक्रवार, ५ मार्च

ईस्टरआधीचे उपासाचे दिवस सुरू झाले आणि गल्लीत मासळी नाही. जया येत नाही हे समजू शकतो. पण बाकीच्या कोळणीही येत नाहीत! काल एक बाई गल्लीच्या तोंडापर्यंत आली, क्रुसाकडे बघितलंन, आणि पाठ फिरवून गेली. सगळा वर्सोवा कोळीवाडा आमच्यावर रुसला आहे. मटण खायचं नाही, मासळी मिळत नाही. आठवडाभर डाळ आणि वाल चालले आहेत.

पर्पेच्युआ ताट आदळते. "वाल नको तर पलंगाखालचे तुकडे वाढू?"

शनिवार, १३ मार्च

चोरबाजारात जाऊन आलो. काचसामानाचा एक म्हातारा बोहरी दुकानदार आहे, त्याची नजर चांगली असं ऐकलं होतं. फुलदाणी हातात घेऊन त्याने उजेडाकडे धरली, नखाने वाजवली, तळाचा वण अंगठ्याने चाचपला.

"साचा नाही," तो म्हणाला. "नळीने फुंकलेली आहे. पण साहेब, ही काच सोडावॉटरच्या बाटलीची. इथलीच."

मी म्हणालो, ही बेल्जियमची आहे. तो म्हणाला, "मग बेल्जियमवाले सोडा पीत असतील." वर विचारतो, जोडीतली दुसरी कुठे आहे? मी पिळाचं सांगितलं तर मान हलवून म्हणाला, मग ती जोडी नव्हेच, जोडीचा पीळ एकाच बाजूला जातो.

माणूस अडाणी आहे. त्याच्याकडून पितळेची समई विकत घ्यायला निघालो होतो, घेतली नाही.

परतताना अंधेरी स्टेशनपासून चालत आलो. आता गंमत अशी की माझ्याकडे तीन गोष्टी आहेत: साचा नाही, काच बाटलीची, पीळ उलटसुलट. एकीचाही बेल्जियमशी मेळ बसत नाही. कस्टममध्ये असा माल आला असता तर मी वर शेरा मारला असता, "मूळ ठिकाण अज्ञात", आणि चहा प्यायला गेलो असतो.

शुक्रवार, २ एप्रिल

बेल्जियमचं पत्र आलं. पोस्टमनच्या हातून जवळजवळ हिसकावून घेतलं.

लिहितात की फोटोतली फुलदाणी त्यांची नाही, त्यांच्या माहितीतल्या कोणाचीच नाही. मी पत्रात पिळाचंही लिहिलं होतं. त्यावर त्यांच्या मुख्य कारागिराने स्वतः चार ओळी घातल्या आहेत. आयुष्यभर एका हाताने नळी फिरवलेल्या माणसाला उलट्या बाजूचा पीळ घालणं फार कठीण जातं, म्हणतो. ज्याने हे केलं त्याने चुकून केलेलं नाही, त्याला तसंच हवं होतं. "बनवणाऱ्याचं नाव कळल्यास आम्हाला अवश्य कळवा."

मी त्यांना नाव विचारतो, ते मला विचारतात! चौतीस दिवस वाया गेले. पत्र चुरगळून टाकलं, मग परत उचलून सपाट केलं.

निष्काळजीपणा नव्हता म्हणे. मग कोणाला कशाला हवी होती अशी जोडी?

रविवार, ११ एप्रिल, पाम संडे

पर्पेच्युआ मला न सांगता काल वर्सोव्याला गेली होती. म्हणाली, गुड फ्रायडेला घरात बोंबील नसतील तर ती चूल पेटवणार नाही. बोंबील घेऊन आली. जयानेच दिले, ते सुद्धा नेहमीपेक्षा जास्त.

आज चर्चमधून आणलेली झावळी दाराला लावताना म्हणाली, "तिचा बाप जिता हाय. धाकू नाव. जाऊन बघा."

मी म्हणालो, कोळ्याचा आणि काचेचा काय संबंध?

"बेल्जमला पत्र धाडता. वर्सोव्याला तर बस जाते."

 खरं म्हणजे जायला पाय उचलत नाही. तो म्हातारा खोटा निघाला तर मी होतो तिथेच. आणि तो खरा निघाला तर? मग जया खरं बोलत होती, आणि गल्लीतला मी एकटाच असा की ज्याला तिने फोडली नाही हे पहिल्यापासून माहीत होतं. हे मला काही आज कळलेलं नाही. पण असं लिहून काढलं की वाईट दिसतं.

मंगळवार, २० एप्रिल

ईस्टर झाला. आज गेलो. फुलदाणी टॉवेलात गुंडाळून पिशवीत घेतली.

जया दारात जवळा निवडत होती. बस म्हणाली नाही. आत तिचा बाप बाजेवर बसला होता. सत्तरीचा, छाती अजून रुंद, पण दोन्ही डोळ्यांवर सायीसारखा पडदा. भट्टीच्या झोताने गेले, म्हणाला.

मी कस्टमच्या सवयीप्रमाणे आधी काही सांगितलं नाही. नुसती फुलदाणी त्याच्या हातात दिली. त्याने झालर चाचपली, बुडाचा वण चाचपला. मग अंगठा बुडापासून मानेपर्यंत पिळाबरोबर एकदाच वर नेला.

"हा रामाचा," तो म्हणाला.

मग सांगायला लागला. मी विचारलंही नव्हतं.

"मी होरीत बसलू की ओकाचू. कोळ्याचा पोर, नि दर्या सोसत नाय! सगला कोलीवारा हसाचा. म्हनून भट्टीवर गेलू, बाटल्या फुकाला. शनवारी चालत घरी याचू, तुमच्या क्रुसावरून. तवा ती तापाची मोठी साथ आली. माजी दोन पोरां एका खाटंवर. रामचंद्र पाच वर्सांचा, जया तीनची. मी क्रुसाला बोललू, दोघांना उटव, दोन फुलदान्या देतू, माज्या हातच्या."

पाळी सुटल्यावर भट्टीत उरलेली काच मालक घेऊ द्यायचा. तिच्यातून त्याने त्या केल्या. कुठली कोणाची ते देवाला कळावं म्हणून मुलाची उजव्या पिळाची आणि मुलीची डाव्या. डावा पीळ जमेना. आठ दिवस उलट्या हाताने नळी फिरवून मोडत राहिला.

"डावी झाली त्या राती राम गेला."

"मग दोन्ही का दिल्या?" मी विचारलं.

"मी दोन बोललू होतू. रातचा क्रुसाखाली ठेवून गेलू, कोनी बगितला नाय," म्हणाला. मग हात पुढे केला. "दुसरी दे. जयाची."

मी वर बघितलं. जया त्याच्या मागे उभी होती. तिने नकारार्थी मान हलवली. माझ्याकडे बघून, दोनदा.

मी म्हणालो, "घरी आहे. दोन्ही एकदम आणायला भीती वाटली."

"बरां केलंस. काच हाय," तो म्हणाला. "यंदा सनाला येतू मी. दोनीवर हात फिरवीन. छत्तीस वर्सां झाली."

बाहेर आल्यावर जया माझ्यामागून आली. "त्याला सांगू नको. त्याच्या मनात नाय नाय ते येल. तू तुज्या गल्लीला खरां काय ते सांग. बापसाला मी घरात ठेवीन."

मी हो म्हणालो. बसमध्ये फुलदाणी मांडीवर धरून बसलो होतो. नाव मिळालं. ज्या एका माणसाला डावा पीळ घालता येत होता तो आंधळा आहे आणि भट्टी कधीच बंद पडली आहे. याला काय म्हणायचं?

रविवार, २५ एप्रिल

गल्लीला अजून सांगितलेलं नाही. आज मिसा सुटल्यावर सांगणार होतो, पण लिओनार्डच्या घरी पाहुणे होते.

दुपारी एक कल्पना सुचली. फुलदाणी उलटी धरली तर पीळ उलटा होईल, म्हणजे म्हातारा आलाच तर एकच फुलदाणी दोनदा हातात देता येईल. तास गेला. उलटी करा, आडवी करा, पीळ उजवा तो उजवाच. आणि झालर खाली आल्यावर त्याला काय कळणार नव्हतं? पर्पेच्युआ दारात उभी राहून बघत होती. कधीपासून होती देव जाणे.

"जया वाट बघत असंल," ती म्हणाली.

उद्या सांगतो.

रविवार, २ मे

सांगितलेलं नाही. चणे भिजत घातले आहेत.

सोमवार, ३ मे

सगळं जसं झालं तसंच लिहितो.

संध्याकाळी क्रूस फुलांनी सजवला होता. मधोमध एकच फुलदाणी. लादीन सुरू व्हायच्या आधी वर्सोव्याच्या बाजूने धाकू येताना दिसला. अंगात धुतलेला सदरा, एक हात जयाच्या खांद्यावर. तिने त्याला थोपवायचा प्रयत्न केला असणार, तिच्या तोंडावर ते दिसत होतं. म्हाताऱ्याला कोण थोपवणार?

लिओनार्ड आडवा आला. "तू परत आलीस? क्रुसाची वस्तू फोडलीस, नि सनाला येतेस?"

धाकूने मान वर केली. "काय फुटलां?"

जयाने माझ्याकडे बघितलं.  मला वाटलं होतं त्याप्रमाणे भाषण सुचलं नाही. मी एवढंच म्हणालो, "मी फोडली. चोवीस फेब्रुवारीला. जया तिथे नव्हती. ही जोडी या माणसाने केलेली आहे. बेल्जियम नाही, इटली नाही. यांनीच."

लिओनार्डचं तोंड उघडं राहिलं. या क्षणाची मी फेब्रुवारीपासून वाट बघत होतो, आणि आता त्याच्याकडे बघवेना.

धाकूने हात पुढे केला. मी फुलदाणी दिली. त्याने अंगठा पिळावरून फिरवला, ती परत दिली, आणि दुसरा हात तसाच रिकामा पुढे राहिला. मग त्याने तो वळवला आणि जयाचा दंड धरला. दंडावरून खांद्यावर, खांद्यावरून तोंडावर, केसांवर हात नेला.

"उबी हाय ना तू?"

"हाय, बा."

"ताप बीप?"

"नाय, बा. दोन महिनं झालं फुटून. मना काय झालां नाय."

त्याने हात तिच्या डोक्यावर तसाच ठेवला. मग म्हणाला, "मंग झालां. काच गेली, पोर हाय." आणि माझ्या आवाजाच्या दिशेने वळला. "पन तू मना घरी हाय बोललास. आंदल्याला."

मी फुलदाणी क्रुसापुढे परत ठेवली. लादीन झाली.  पर्पेच्युआने म्हाताऱ्याच्या ओंजळीत चणे घातले, ते त्याने घेतले. मी दिले असते तर घेतले असते की नाही, माहीत नाही.

बुधवार, १२ मे

गल्लीत मासळी आली. लिओनार्ड वर्सोव्याला जाऊन जयाची माफी मागून आला, केळ्यांची फणी घेऊन गेला होता. आता तो सगळ्यांना सांगतो की बेल्जियम नाही हे तो पहिल्यापासूनच म्हणत होता. माझ्याशी मात्र नीट बोलतो, हसत नाही. हसला असता तर बरं झालं असतं.

आज बेल्जियमला पत्र टाकलं. बनवणाऱ्याचं नाव: धाकू कोळी, राहणार वर्सोवा. साल १९१८. काच सोड्याच्या बाटल्यांची. डावा पीळ आठ दिवसांत शिकला. दुसरी फुलदाणी माझ्या हातून फुटली, हेही लिहिलं. ते त्यांनी विचारलेलं नव्हतं.

जया रोज येते. क्रुसापाशी पाटी उतरवते, फूल ठेवते, मग प्रत्येक दारात थांबते. आमच्या दारात थांबत नाही. मी ओट्यावरच बसलेलो असतो. ती शिवी देत नाही, तोंड फिरवत नाही, नुसती चालत पुढच्या घरी जाते. मी सगळ्या गल्लीपुढे कबूल केलं, तिच्या बापाचं नाव साता समुद्रापलीकडे कळवलं. आणखी काय करायला हवं होतं?

पर्पेच्युआला विचारलं. ती म्हणाली, "वर्सोव्याहून आलात, मग तेरा दिवस होते तुमच्याकडे," आणि ताट घेऊन लिओनार्डच्या ओट्यावर मासळी आणायला गेली.